आधी पुसायचं, मग चिकटवायचं

"कशावर लावायचंय?"

दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी आयुष्यभर पहिला प्रश्न हाच विचारत आले. नाव काय, अक्षर केवढं, रंग कुठला, हे सगळं त्यानंतर. काचेवर लावायचंय, पत्र्यावर, लाकडावर की टेम्पोच्या पाठीवर, हे कळल्याशिवाय आमच्या धंद्यात पान हलत नाही. स्टिकरला जागा मानवली नाही तर तो दोन दिवसांत रुसून कोपरे वर करतो. मग गिऱ्हाईक दुकानात येऊन आपल्यावर रुसतं.

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "ताई, दिवाळी अंक आहे, हलकंफुलकं लिहा. मशीनवर अक्षरं कापतात म्हणजे काय करतात ते कळू दे लोकांना. चार गमती येऊ द्या." गमती आहेत, सांगतेच. पण लिहायला बसले की दर वेळी डोळ्यांसमोर एक फळी येते. लाकडाची, हातभर रुंदीची, जुन्या दाराची. गमती लिहून तिच्यापासून निसटायचा प्रयत्न मी दोनदा केला. कागद फाडले. आता तिच्याबद्दलच लिहिते, आणि हलकंफुलकं झालं नाही तर संपादकांनी क्षमा करावी.

पनवेलच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत माझं दुकान होतं. सुरुवात केली तेव्हा मशीन नव्हतं. तापलेल्या तारेने थर्माकोलची अक्षरं कापायची, त्यांना चमकी लावायची आणि हळदीच्या स्टेजवर टाचायची. आमच्याकडच्या आगरी लग्नात हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. स्टेज असं की त्यावर क्रिकेटचा सामना व्हावा. नवरा-नवरीची नावं पुरुषभर उंचीची लागायची. त्या जळक्या थर्माकोलच्या वासाने माझं डोकं इतकं दुखायचं की मला लग्नाचं जेवण नको व्हायचं. पुढे थर्माकोलवर बंदी आली. बाकीचे हळहळले, मी देवापुढे साखर ठेवली. त्याच्या थोडं आधी मी कटिंग मशीन घेतलं होतं. मग कागदाची मखरं, रुखवताच्या वस्तू, नावाच्या पाट्या, गाड्यांवरची अक्षरं, सगळं त्याच्यावर सुरू झालं.

मशीन दिसायला प्रिंटरसारखंच. फरक एवढाच की शाईच्या जागी तांदळाच्या कणीएवढं पातं असतं. कॉम्प्युटरवर जे काढाल त्याच्या कडेकडेने ते पातं फिरतं. स्टिकरचा रोल दोन पदरी असतो. वरचा रंगीत पदर कापला गेला पाहिजे आणि खालच्या कागदाला ओरखडाही उठता कामा नये. कापून झालं की उरलेला रंगीत भाग चिमट्याने उचलून टाकायचा, म्हणजे अक्षरं तेवढी मागे राहतात. याला इंग्रजी नाव आहे, पण आमच्या दुकानात आम्ही त्याला 'निवडणं' म्हणायचो, तांदूळ निवडतात तसं. मग वरून एक पारदर्शक टेप लावून सगळी अक्षरं एकदम उचलायची आणि जागेवर दाबून बसवायची.

निवडण्यात शबानाचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, दोन मुलांची आई, मोहल्ल्यातून चालत यायची. 'श्री' मधली ती इवलीशी पोकळी ती श्वास न रोखता उचलायची. मी रोखायचे, तरी माझी फाटायची.

माझा हात दुसऱ्याच गोष्टीत. पुसण्यात. या धंद्याचा पहिला नियम असा की जागा आधी स्पिरिटने पुसून घ्यायची. धूळ, तेलाचा हात, जुन्या पॉलिशचा थर, काही राहता कामा नये. बाकीचे घाईघाईने एक फडकं मारतात आणि मोकळे होतात. मी सुती साडीचं फडकं घेऊन एका दमात डावीकडून उजवीकडे अशी जायचे की काच नाही असंच वाटावं. माझी अक्षरं वर्षानुवर्षं निघत नाहीत, हे सगळ्या बाजारपेठेला माहीत होतं. घरीही माझं तेच. माझे यजमान म्हणायचे, "ही यमाला पण सांगेल, आधी पाय पुसून आत ये." मला या गोष्टीचा अभिमान होता. तो नसता तर बरं झालं असतं.

आता दोन गमती सांगून टाकते, म्हणजे संपादकांचं मन राहील. नेऱ्याच्या बाजूला फार्महाऊस असलेले एक गृहस्थ आले. घराचं नाव 'शांतिवन'. ते हातभर अक्षरांत कापलं. मग म्हणाले, खाली लिहा, कुत्र्यापासून सावध. मग, विनापरवानगी आत येऊ नये. मग, गाडी लावल्यास हवा काढली जाईल. पाचवी सूचना आली तेव्हा मी म्हटलं, "साहेब, फाटकावर शांतीला जागा उरत नाहीये." त्यांनी विचार केला आणि शांतीच लहान करायला सांगितली.

दुसरी गंमत माझ्याच अंगावरची. काचेवर आतून लावायचं असेल तर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी कापावी लागतात, म्हणजे रस्त्यावरून सुलटी दिसतात. एका दातांच्या डॉक्टरांचं नाव मी उलटं करायचं विसरले आणि लावूनही आले. आत खुर्चीवर आ करून बसलेल्या पेशंटला डॉक्टरांचं नाव व्यवस्थित वाचता यायचं, बाहेरच्या गावाला मात्र नाही. डॉक्टर भले होते. म्हणाले, "ज्याला वाचायची गरज आहे तो आतच बसलाय." दुसऱ्या दिवशी नवं लावून दिलं. चूक अशी असावी, की स्टिकर काढला आणि संपली.

यमुनामावशी आल्या त्या दिवशी दुपारची वेळ होती. साठीच्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. त्यांच्या काखेत चादरीत गुंडाळलेली ती फळी होती आणि मागे सून, संगीता, कडेवर वर्षाची मुलगी घेऊन. विमानतळाला गेलेल्या गावांपैकी एका गावातल्या. शेती आणि मिठागर, दोन्ही गेलं होतं. करंजाड्याला प्लॉट मिळाला होता, तिथे घर बांधून झालं होतं.

फळी टेबलावर ठेवून त्यांनी चादर उघडली.

"बाय, तू मिशीनवर अक्षरा कापतस ना? या अक्षरा मना पायजेत. जशी हायेत तशी."

जुन्या घराच्या दाराची ती एक फळी. वरच्या बाजूला मोजणीवाल्यांनी लाल ऑइलपेंटने घातलेला घराचा नंबर. त्याच्या खाली काळ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'यमुनाचा घर'.

संगीताने हकिगत सांगितली. मोजणीवाले नंबर घालून गेले, त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. संध्याकाळी उठले आणि नंबराच्या खाली हे लिहिलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सही सोडून कधी काही लिहिलं नव्हतं. बायकोचं नाव तर चारचौघांत कधी घेतलंही नव्हतं. पुढे गाव उठलं, हे लोक भाड्याच्या खोलीत गेले आणि नव्या घराच्या चौथऱ्याचं काम चालू असतानाच ते वारले. घर पाडायच्या आदल्या दिवशी यमुनामावशींनी स्वतः पहारीने दाराची ही फळी उपसून काढली होती.

"म्हातारा बोलला व्हता, नवे घराचे दारावर पन लिवीन," मावशी म्हणाल्या. "त्यो काय ऱ्हायला नाय. मंग मी बोलली, त्याचा लिवलेलाच तिथं लावू. मना वाचाया नाय येत, पन ता मना म्हाईत हाय."

मी माझा प्रश्न विचारला. "कशावर लावायचंय?"

"दारावर. निला रंग दिलाय."

"लाकडी की लोखंडी?"

"लाकराचा."

"उन्हात येतं का?"

"दुपारनंतर येतो ऊन."

मी सगळं विचारलं. किती मोठं, कुठल्या उंचीवर, रंग पुरता वाळला का. फक्त एक विचारलं नाही, की हे लिहिलंय कशाने. माझ्या हिशेबी तो प्रश्नच नव्हता. वर ऑइलपेंट होता, दाराला पिढ्यान्‌पिढ्या तेल पाजलेलं, धुराने सगळ्याला एक काळपट चकाकी आलेली. खालची अक्षरंही पेंटचीच असणार हे मी धरून चालले. त्यांनीही सांगितलं नाही. सांगायचं काय, त्यांना ते ठाऊकच होतं.

निघताना मावशी उंबऱ्यात थबकल्या. "शनवारी घरभरनी हाय. जरा जपून, बाय."

"मावशी, आमचं रोजचंच काम आहे," मी म्हटलं. ते वाक्य मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पद्धत अशी की आधी फळीचा फोटो काढायचा, तो कॉम्प्युटरवर घ्यायचा, अक्षरांच्या कडा गिरवायच्या आणि मशीनला द्यायच्या. फोटो स्वच्छ हवा, नाहीतर प्रत्येक डाग मशीन अक्षर समजून कापतं. फळीवर कोळिष्टकं होती, धुळीचा थर होता. मी स्पिरिटची बाटली घेतली, साडीचं फडकं भिजवलं आणि माझ्या सवयीने, एका दमात, डावीकडून उजवीकडे गेले.

फडकं उलटून पाहिलं. काळंकुट्ट झालं होतं. मला बरं वाटलं. केवढी घाण निघाली, असं मनात आलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण तो एक क्षण मी खूश होते.

पलीकडे निवडत बसलेल्या शबानाने मान वर केली. "ताई," ती म्हणाली, "अक्षरं कुठे गेली?"

फळीवर लाल नंबर होता. पुसल्यामुळे तो नवा घातल्यासारखा टवटवीत दिसत होता. त्याच्या खाली ओलं लाकूड होतं, आणि काही नव्हतं.

ते कोळशाने लिहिलेलं होतं. चुलीतला कोळसा, दुसरं काय असणार त्या संध्याकाळी त्या माणसाच्या हाताशी?

मी स्टुलावर बसले आणि ते फडकं पिळायला लागले, जणू त्यातून अक्षरं परत निघतील. मग मोबाइलची बॅटरी तिरकी धरून फळी पाहिली. दोन-तीन ठिकाणी कोळशाचे बारीक ओरखडे दिसत होते. शिरोरेघ कुठून कुठे गेली होती तेवढं कळत होतं. संगीताला फोन करून विचारलं, "दाराचा जुना फोटो आहे का गं? जरा संदर्भाला." तिने लगेच पाठवला. तिच्या लग्नातला. सासरे फेटा बांधून त्याच दारासमोर उभे. मागे फळी कोरी. तेव्हा नंबरही नव्हता आणि नावही नव्हतं.

शबाना म्हणाली, "ताई, आत्ता फोन लावा आणि खरं सांगून टाका. गलती झाली, माफ करा म्हणा. माफी मागायला कसली शरम?"

मी म्हटलं, "शनिवारी त्यांची घरभरणी आहे. आत्ता सांगून त्यांचा दिवस कशाला नासवू? नंतर सांगेन."

ही दया माझ्या सोयीची होती, हे शबानाला तेव्हाच कळलं. ती चिमटा घेऊन पुन्हा कामाला लागली.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून मी कोळशाचे चार तुकडे आणले. प्लायच्या तुकड्यावर 'यमुनाचा घर' लिहायला बसले. अक्षर पाहिलेलं दहा मिनिटं, पण माझं सगळं आयुष्य अक्षरांत गेलेलं. 'म' चा पाय लांब होता, 'घ' पुढे झुकलेला होता, 'र' ची शेपटी फळीच्या कडेपर्यंत गेली होती, हे मला लख्ख आठवत होतं. माझा उजवा हात फार सुबक लिहितो म्हणून डाव्या हाताने लिहिलं. वीस-पंचवीस वेळा. शेवटी एक असं उतरलं की मलाच दचकायला झालं. त्याचा फोटो काढला, कडा गिरवल्या, मशीनमध्ये काळा रोल लावला. मशीन बिचारं जे द्याल ते इमानाने कापतं. शबानाने निवडून दिलं.

आणि वाईट म्हणजे, काम सुंदर झालं होतं.

फळी तशीच परत देणं शक्य नव्हतं. मी ती खाकी कागदात गुंडाळली, सगळ्या बाजूंनी टेप मारली.

शुक्रवारी करंजाड्याला गेले. नवा निळा दरवाजा, अजून वास येत होता. दाराला फडकं मारलं, अक्षरं बसवली, टेप सोडवली. मावशी मागे उभ्या होत्या. पुढे आल्या आणि अक्षरांवरून बोट फिरवू लागल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हळूहळू. 'र' च्या शेपटीवर बोट थांबलं.

"हितं..." त्या म्हणाल्या.

"काय मावशी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात ती खाकी गुंडाळी होती आणि मी घाईघाईने सांगत होते की ही उघडू नका, जुनं लाकूड आहे, हवा लागली तर फुगेल.

"काय नाय," मावशी म्हणाल्या. "चांगला केलास, बाय."

मग आत गेल्या आणि सुनेला हाक मारली, "संगीता, बायची ओटी भर." संगीताने मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तांदूळ, नारळ आणि हिरवं ब्लाऊजपीस पदरात घातलं. मी वाकून नमस्कार केला. ते ब्लाऊजपीस माझ्या कपाटात अजून घडी न मोडता पडलेलं आहे. शिवून घ्यायची हिंमत झाली नाही आणि कुणाला देण्याचीही नाही.

'नंतर सांगेन' मधला नंतर कधी येतो? पहिल्या आठवड्यात वाटलं, घरभरणीची धावपळ संपू दे. मग गणपती आले, मखरांचं काम. मग दिवाळी. मग लग्नसराई. एकदा ठरवून निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परतले. घरी सांगितलं, रिक्षा मिळाली नाही. वर्ष उलटल्यावर वाटलं, आता सांगून त्या बाईच्या जखमेवरची खपली कशाला काढू. अशी कारणं मी छान निवडायचे, शबानापेक्षाही सफाईने. करंजाड्याचं काम आलं की तिला पाठवायचे. आल्यावर विचारायचे, "त्या घरावरून गेलीस का?" ती सांगायची, "गेले. अक्षरं मजबूत आहेत अजून." त्यात टोमणा होता की नाही, मला कधी कळलं नाही.

यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी दुकान आवरायला काढलं. मशीन शबानाने घेतलं, ते बरं झालं. आवराआवर चालू असतानाच संगीताचा फोन आला. "ताई, आईंनी बोलावलंय. दारावरची अक्षरं काढायचीत. दुसऱ्या कुणाला पाठवू नका, तुम्हीच या म्हणतात."

केस वाळवायचं मशीन, स्पिरिट, पत्ती, फडकं असं सगळं पिशवीत भरून गेले. सात-आठ वर्षांत दार ओळखू येऊ नये इतकं उडालं होतं. पश्चिमेचं ऊन खाऊन निळ्याचं पांढुरकं झालेलं. अक्षरांना तडे गेले होते, पण जागची हलली नव्हती. माझं पुसणं पक्कं.

मावशी आत खाटेवर बसल्या होत्या. पाठीला बाक आलेला. त्यांच्या मागे, देवाच्या फोटोंशेजारी, भिंतीवर ती फळी खिळ्याला अडकवलेली होती. खाकी कागद नाही, काही नाही. लाल नंबर आणि खाली रिकामी जागा. फळीला झेंडूचा हार घातलेला होता.

मी दारातच उभी राहिले. "मावशी, मला तुम्हाला काहीतरी..."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "बस."

"कधीपासून?"

"तवापासून. तू गेलीस न् मी कागद फाडला. पन त्याच्या आदीच वलखला व्हता, दारावर बोट लावला तवाच." त्यांनी हवेत बोटाने 'र' ची शेपटी काढली आणि मध्येच थांबल्या. "हितं त्याचा कोलसा तुटला व्हता. मी शेजारीच उभी व्हती. त्यो तुकरा खाली परला, त्यानी चुलीतना दुसरा आनला न् फुरं लिवला. हितं येवरी जागा मोकली व्हती." त्यांनी दोन बोटांत तांदळाएवढं अंतर दाखवलं. "तुज्या अक्षरात कोलसा तुटलाच नाय. तुमी शिकलेली मानसा वाचता. मना वाचाया येत नाय, मी निसती बगते."

"मग बोलला का नाहीत मला?"

"घरात पावनी व्हती. न् तुजा त्वांड बगला." मावशींनी पदराने डोळे नाही, कपाळ पुसलं. "मना वाटला, उंद्या येईल, सांगंल. परवा सांगंल. चुकी तर कोनाची पन होते. मी वाट बगली, बाय. लय वाट बगली."

 फळी पुसली गेली ते माझ्या सवयीने. पण ही सात-आठ वर्षं मी जाणूनबुजून पुसली होती. त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. माझ्या वयाच्या बाईने असं रडू नये, पण रडले. त्यांनी रडू दिलं. डोक्यावर हात ठेवला नाही, आणि मला दूर सारलंही नाही.

"आता काढायचं का मनात आलं?" मी मग विचारलं.

"नात सालंत सांगते, आमचे आज्जानी दारावर नाव लिवलाय. परवा मैत्रिनी आनल्या दाखवाया. मी हाय तवर ठीक. मी गेली का हे पोरा तेच खरा धरतील. माजे म्हाताऱ्याचे नावावर खोटा नको. काढ ता."

मी काढायला लागले. जुना स्टिकर गरम केल्याशिवाय सुटत नाही आणि गरम केला की तुकड्यातुकड्यांनी निघतो. एकेक अक्षर वाऱ्याने तापवत, पत्तीने उचलत तासभर गेला. शेवटचा तुकडा निघाला, वर स्पिरिटचं फडकं मारलं आणि दोन पावलं मागे सरले.

दारावर 'यमुनाचा घर' तसंच्या तसं होतं.

दुसऱ्या कुणाला ते गूढ वाटलं असतं, मला नाही. ऊन चहूकडून रंग खातं, पण स्टिकरखालचा रंग झाकलेला राहतो. आजूबाजूचं दार पांढुरकं पडलं होतं आणि माझ्या अक्षरांच्या जागी नवाकोरा गडद निळा उरला होता. मला हे ठाऊक असायला हवं होतं. मी घासायला लागले. आधी स्पिरिट, मग थिनर, मग नुसता जोर. निघण्यासारखं तिथे काही नव्हतंच, रंगच तो. तरी घासत राहिले.

मावशी काठी टेकत बाहेर आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"ऱ्हाव दे, बाय," त्या म्हणाल्या. "नाय जायाचा ता. रंगवाले दिवालीचे आदी येतील." मग पायरीकडे काठी दाखवली. "तू बस हितं. पोरीची साला सुटंल आता. मी नाय सांगनार तिना. तू सांग."

मी पायरीवर बसले. संगीताने चहा आणला, तो गार झाला. थोड्या वेळाने रस्त्याच्या वळणावर निळा गणवेश दिसला. जिला मी कडेवर पाहिलं होतं ती आता आठ-नऊ वर्षांची होती, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. दारापाशी येऊन थबकली. जमिनीवर पडलेल्या काळ्या तुकड्यांकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे.

"आजी, आज्जानं लिवलेला कोनी काढला?"

मावशी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"बाळा, हे तुझ्या आजोबांनी लिहिलेलं नव्हतं," मी म्हटलं. "हे मी लिहिलं होतं."

तिने भुवया जवळ घेतल्या. "मंग आज्जानं लिवलेला कुठं हाय?"

माझ्या हातात ते फडकं होतं. ते मी मांडीवर ठेवलं.

"ते मी पुसलं," मी म्हटलं.